बंब कुठे वळवायचा?

वाचकांचे प्रश्न, बंबवाल्या काकांची उत्तरं. काकांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात २९ वर्षं बंब चालवला आणि आता ते घरची शेती पाहतात.

*प्रश्न : काका, मार्चमध्ये आमच्या वस्तीवर गोठ्याला आग लागली. दोन्ही म्हशी दावं कापून सोडवल्या, कडबा आणि पत्रे गेले. बंब पाऊण तासाने आला, कारण तो आधी खुर्दला जाऊन आला. आम्ही बुद्रुकचे. मी फोनवर पत्ता नीट सांगितला होता. मग हे लोक पत्ता शोधतात तरी कसा? – एक वाचक भगिनी*

ताई, म्हशी वाचल्या एवढं वाचलं आणि मगच पुढच्या ओळींकडे वळलो. तुम्ही पत्ता नीट सांगितला असणार, यात मला शंका नाही. २९ वर्षांत मुद्दाम चुकीचा पत्ता सांगणारे दोन-तीन टवाळ सोडले, तर बाकी सगळ्यांनी बरोबरच सांगितला. फक्त तो त्यांच्या गावातल्या माणसाला कळेल असा. "लवकर या, मळ्यात आग लागलीय." कोणत्या मळ्यात? "थोरल्या." कुणाच्या? "अहो नावं काय विचारताय, जळतंय इथं!" आणि फोन बंद. थोरला मळा कोणता, हे त्या माणसाला जन्मात कुणी विचारलेलं नसतं.

खुर्द-बुद्रुक म्हणजे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. पण बोलताना गावाच्या नावाला हे शेपूट कुणी लावत नाही. बुद्रुकवाल्याला वाटतं, मूळ गाव आपलंच, खुर्दवाल्यांनी काय ते वेगळं सांगावं. खुर्दवाल्यालाही तसंच वाटतं. त्यात अशी गावं पुष्कळदा नदीच्या किंवा ओढ्याच्या दोन काठांवर. एका काठावरून दुसरीकडची आग डोळ्यांनी दिसते, पण जायचं तर पुलावरून आठ-दहा किलोमीटरचा वळसा. तुमच्या वेळी असंच काहीसं झालं असणार. फोन घेणाऱ्याने तेवढा एक शब्द विचारायलाच हवा होता, हे मात्र मी आमच्या लोकांची बाजू न घेता सांगतो.

आता शोधतात कसा ते. फोन कुठे लागतो, यावर बरंच अवलंबून असतं. ११२ लावला तर तो नवी मुंबईच्या नाही तर नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथल्या मुलीला तुमचा थोरला मळा कुठून माहीत असणार? तिच्या पडद्यावर मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज येतो, आणि आपल्याकडे एका टॉवरखाली चार-पाच गावं असतात. म्हणून तिला जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने सांगायचं, मळा शेवटी. १०१ लावला तर माझ्या काळात तो कधी आमच्याकडे लागायचा, कधी शेजारच्या तालुक्यात. सगळ्यात बरा तो तालुक्याच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि तुमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर रंगवून ठेवा.

थेट आमच्याकडे फोन आला, की मी चार गोष्टी विचारायचो. गाव, शेपटासकट. डांबरी सोडून आत वळायचा फाटा कोणता. जवळची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, कुणाच्या नावाने ओळखतात. आणि चौथा प्रश्न असा, की फोनवरचा माणूस चिडायचाच : "तुमच्या रस्त्याने उसाची भरलेली ट्रॉली बाहेर निघते का?"

चिडण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या बंबात ४,५०० लिटर पाणी. म्हणजे नुसतं पाणीच साडेचार टन, त्यावर गाडी, पंप आणि माणसं. चारीवरच्या, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्यावरच्या, मोरीवरून बैलगाडी जाते, मोटरसायकल जाते, बंब गेला तर मोरीसकट चारीत. उसाची ट्रॉली निघत असेल तर बंब शिरतो, एवढा साधा हिशेब. नकाशावर मोरी फुटल्याचं दिसत नाही. मोबाइलमधली बाई तर "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" म्हणते आणि उजवीकडे पाणंद असते, तीही बाभळींनी झाकलेली.

डीपीचं विचारायचं कारण दुहेरी. एक तर वस्तीवरच्या म्हाताऱ्या बाईलाही आपली डीपी कोणती हे माहीत असतं, आणि वायरमनला तर झोपेत विचारलं तरी सांगता येतं. दुसरं म्हणजे, पाणी मारण्याआधी आम्हाला उपकेंद्राला फोन करून तिथली लाइन बंद करून घ्यावी लागते. उसाच्या निम्म्या आगी झोळ पडलेल्या तारा एकमेकींना घासून लागतात, असं मला वाटतं. मोजणी काही केलेली नाही.

केंद्रात माझी एक वही होती, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. प्रत्येक रस्त्याला एक पान. फाट्यापासून सुरुवात, मग डावी-उजवीकडच्या वस्त्या ओळीने, आणि पुढे शेरे : "मोरी अरुंद", "तार खाली, शिडी आडवी बांधूनच न्यावी", "विहिरीला बारमाही पाणी", "शेततळं, पण कुंपणाला कुलूप, किल्ली सालगड्याकडे". पाण्याच्या नोंदी पत्त्याइतक्याच मोलाच्या. नळी पूर्ण सोडली की बंब काही मिनिटांत रिकामा होतो आणि मग पुढचं पाणी कुठून, हा दुसरा पत्ता शोधावा लागतो.

वहीत एकाच वस्तीची दोन-दोन नावंही होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं झालं, फार आधी व्हायला हवं होतं. पण घाबरलेला म्हातारा फोनवर जुनंच नाव घेतो आणि शाळकरी नातवाला ते माहीतही नसतं. फोनवर बसणाऱ्याला दोन्ही ठाऊक हवीत, पाटीवर मात्र नवंच.

एवढं सगळं करून आम्ही फाट्यापर्यंत पोचतो. खरी गंमत तिथून पुढे असते.

एका जानेवारीतली गोष्ट. पहाटे साडेतीनला उसाला आग लागल्याचा फोन आला. फाट्यावर पोचलो, तिथून तीन रस्ते. फोन करणाऱ्याला उलटा फोन लावला, कुणी उचलेना. नंतर कळलं, तो ओल्या गोणपाटाने आग झोडपत होता आणि फोन सदऱ्याच्या खिशात, सदरा बांधावरच्या लिंबाला टांगलेला. दिवसा धुराकडे बघून जाता येतं. रात्री धूर दिसत नाही, उजेड दिसतो, आणि उजेड फसवतो. डावीकडे तांबूस दिसलं म्हणून मी तिकडे घातला. दीड किलोमीटरवर गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलेलं. गुळव्या बिचारा हात पुसत पुढे आला, त्याला वाटलं आम्ही चहाला थांबलो. बंब मागे घ्यायला पाच-सात मिनिटं गेली.

परत फाट्यावर आलो, इंजिन बंद केलं आणि काच खाली घेतली. उसाची आग तडतडते, फटाक्याची माळ दूर वाजावी तशी. कान दिला, ऐकू आलं नाही. पण हेडलाइटच्या झोतात पाचटाची काळी पापुद्र्यासारखी राख भुरभुरत होती आणि काचेवर येऊन चिकटत होती. वारा ज्या अंगाने येत होता, त्या अंगाचा रस्ता धरला. पुढच्या वळणावर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी स्टीलच्या ताटावर उलथनं वाजवत उभी. आजीने सांगितलं होतं, बंब दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. तिला केबिनमध्ये आमच्या मधे बसवली. चिंचेपाशी मी सवयीने डावीकडे चाक फिरवलं, तशी म्हणाली, "तिकडून नको, मोरी खचलीय. बाबा पण ट्रॅक्टर सरळ नेतात." दोन एकर गेला, सहा एकर राहिला. जळिताला कारखाना कपात लावतो ते वेगळं.

म्हणून ताई, पुढच्या वेळी (न येवो) फोन झाला की घरातलं एक माणूस आग सोडून फाट्यावर पाठवा. बॅटरी असेल तर बॅटरी, नसेल तर मोटरसायकलचा दिवा चालू ठेवून. घरचे म्हणतात, इथं हात कमी पडतात आणि एकाला रस्त्यावर काय उभं करता? करा. तुमच्या गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा असेल, तर तिच्यावरही एक फोन टाका. तुमचाच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर वाजतो आणि आग विझवायला हात मिळतात.

*प्रश्न : फोनवर गट नंबर सांगितला तर बंबाला सोपं जाईल ना? सातबारा खिशातच असतो. – एक शेतकरी*

नाही दादा. गट नंबर तलाठ्याला कळतो, बंबाला नाही. रस्त्यावरून जाताना गट कुठे सुरू होतो, हे लिहिलेलं नसतं, आणि वाटण्या होऊन एका गटात आठ-आठ घरं झालेली असतात. ग्रामपंचायतीच्या मिळकत नंबराचीही तीच गत. तो बहुधा नोंद होईल तसा पडत गेला, म्हणून ११४ च्या शेजारी ३०२ सापडतो. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावांची ड्रोनने मोजणी सुरू झाली, पण ती गावठाणातल्या घरांची. आगी लागतात त्या मळ्यात, गावठाणाबाहेर. सातबारा खिशातच राहू द्या, पंचनाम्याला लागेल.

*प्रश्न : आता व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवता येतं, शिवाय पोस्टाचा नवा डिजिपिन आलाय. मग वही, फाटा, डीपी हे सगळं जुनं नाही का झालं? – एक विद्यार्थी*

लोकेशन जरूर पाठव. पण जिथं आग आहे, तिथल्याच माणसाने पाठवायचं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत असं झालं, की एका आईने आग लागल्यावर पहिला फोन पुण्यातल्या मुलाला केला. मुलाने आम्हाला केला आणि तत्परतेने लोकेशनही पाठवलं, स्वतःचं. आमच्या नव्या पोराने ते उघडलं तर हडपसर! तो बिचारा दाराशी जाऊन मला विचारतो, "काका, डिझेल पुरेल का?" दुसरं, पत्र्याखाली उभं राहून घाईने पाठवलं तर ठिपका शेजारच्या शिवारात पडतो. उघड्यावर ये, नकाशावरचं निळं वर्तुळ लहान होऊ दे, मग पाठव.

डिजिपिन मला आवडला. टपाल खात्याने तो मे २०२५ मध्ये आणला, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं सुदूर संवेदन केंद्र त्यात होतं. देशाचे साधारण चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरी खूण दिली. अंक-अक्षरं मिळून सोळाच चिन्हं वापरली आहेत. शून्य आणि एक नाहीत, ओ आणि आय पण नाहीत, त्यामुळे तो घोळ फोनवर होत नाही. जुना पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाच्या डोक्यातून आलेला. संस्कृतचे मोठे कवी. पण सहा आकडी पिनकोडात कितीतरी गावं येतात. तो पोस्टासाठी होता, बंबाला त्याचा उपयोग नाही.

अडचण एवढीच, की आग लागल्यावर दहा अक्षरं आठवणार कुणाला? म्हणून आजच काढून मोटारीच्या पेटीवर रंगवून घे. आणि तुमच्या केंद्रात जाऊन विचार, की ही अक्षरं दिली तर तुम्हाला नकाशावर ठिपका काढता येतो का. उत्तर काय मिळालं ते मला कळव. तसंही डिजिपिन घर कुठे आहे ते सांगतो, मोरी खचलीय हे सांगत नाही. वही ठेवावीच लागेल.

*प्रश्न : मी न्यूझीलंडमध्ये एका डेअरी फार्मवर काम करतो. इथे खेड्यातल्या रस्त्यावर घराचा नंबर अंतरावरून पडतो. १५३० म्हणजे रस्ता सुरू होतो तिथून १५.३ किलोमीटर, सम नंबर उजव्या हाताला, विषम डाव्या. बंबवाल्यांना मीटर बघत सरळ यायचं. आपल्याकडे असं का होत नाही? – एक वाचक, मूळ गाव श्रीरामपूर तालुका*

वाचूनच बरं वाटलं. मधे चार घरं नवी झाली तरी नंबरांची ओढाताण नाही, दर दहा मीटरला एक नंबर शिल्लक. पण तुम्ही तर श्रीरामपूरकडचे! आपल्याकडे हे आहेच की. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांना इंग्रजांच्या काळापासून अंतराचे दगड आहेत. त्यातून निघणाऱ्या चाऱ्यांना नंबर, चारीवरच्या पाणी सोडायच्या दारांना नंबर. तुमच्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी घर 'चारी नंबर अमुक, उजवी बाजू, तिसरं दार' असंच सांगितलं असतं, कारण पाण्याची पाळी त्यावर ठरायची. पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचं पाणी वाटून देणाऱ्या माणसाला, सगळं शिवार असंच पाठ. मी वही भरली तेव्हा अर्धी माहिती एका निवृत्त पाटकऱ्याकडून घेतली, त्याच्या सायकलच्या मागे बंब चालवत.

निवृत्त झाल्यावर मी आमच्या चारीवर दगड किती शिल्लक आहेत ते चालत जाऊन पाहिलं. नऊ मिळाले. दोन गोठ्यांच्या पायात आहेत, एकावर कपडे धुतात, आणि एकाला शेंदूर लागलाय, त्यामुळे तो आता हलवता यायचा नाही. उरलेल्या पाचांवर नंबर वाचता येतो.