मोठ्याला तिथं अडतं, धाकटीला इथं

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर नागपूरच्या धरमपेठेतलं, म्हणजे आपल्याच. मुलगा वर्षाचा असताना तिकडे गेले, कंपन्या बदलत गेल्या, ग्रीन कार्डची फाइल उशिरा लागली आणि अजून रांगेतच आहे. मुलगा आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, बायॉलॉजी. धाकटी तिकडेच जन्मलेली, ती पहिल्या वर्षाला. ताई लिहितात की त्याच्या सगळ्या मित्रांना उन्हाळ्यात पगारी रिसर्च मिळून राहिलं अन् आमच्याला काहीच नाही, चाळीसेक मेल पाठवल्या, एकाचं उत्तर नाही, हे म्हणतात काही हजार डॉलर भरून एक ऑनलाइन रिसर्च प्रोग्राम करून टाकू, तर करू का?

नका करू बाप्पा. रिसर्चचे पैसे पोट्ट्याला मिळाले पाहिजेत, त्याने भरायचे नसतात. मी तीस वर्षं इथल्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवली, असली गुळगुळीत सर्टिफिकेटं खूप पाहिली, प्रोफेसर ते बघतो आणि बाजूला ठेवतो.

पण ताई, तुमच्या पत्रात मला मुलाच्या हुशारीपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली, ती तुम्ही एका ओळीत उरकलीत. तो एच-४ वर आहे, म्हणजे आईबापाच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर. मग त्याचे मित्र ज्या आरईयूला चाललेत, म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या (एनएसएफच्या) पैशावरचे ते साधारण दहा आठवड्यांचे समर प्रोग्राम, स्टायपेंड मिळतो, बऱ्याच ठिकाणी राहायची सोय पण असते, तिथे फक्त अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले चालतात. मार्क कितीही असोत. वर्क-स्टडी लिहिलेल्या नोकऱ्यांचंही तेच, तो सरकारी मदतीचा पैसा आहे. आणि एच-४ वर त्याला मुळात पगारच घेता येत नाही, कॅम्पसवरचा पण नाही. म्हणजे दोन उन्हाळे पोरगं बंद दारं ठोकून राहिलंय आणि घरी सगळ्यांना वाटून राहिलं की हा कमी पडतो. त्याला हे कोणीतरी आज रात्री जेवताना सांगा.

शिकता मात्र येतं. त्यामुळे सध्या क्रेडिटसाठी रिसर्च करणं हा त्याचा सरळ रस्ता, म्हणजे तो कोर्स म्हणून नोंदवायचा आणि लॅबमध्ये काम करायचं. फुकट राबायला तयार आहे असं मात्र उगाच लिहू नये, जे काम एरवी पगारी असतं ते फुकट केलं तरी व्हिसाच्या दृष्टीने भानगड होऊ शकते.

पैसे हवेच असतील तर एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या व्हिसावर, यावं लागेल, आणि तसंही एकवीस पूर्ण झाले की एच-४ संपतो, तेव्हा हा विचार वर्षभरात करावाच लागणार होता. एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास कॅम्पसवर काम, सुट्टीत फुल टाइम. म्हणजे स्वतःच्या युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसरने युनिव्हर्सिटीच्या फंडातून पैसे दिले तर झालंच काम. दुसऱ्या युनिव्हर्सिटीत किंवा कंपनीत जायचं असेल तर सीपीटी लागतं, म्हणजे अभ्यासाचा भाग म्हणून बाहेर काम करायची परवानगी, ते साधारण एक अख्खं शैक्षणिक वर्ष झाल्यावर, आणि आय-२० वर, म्हणजे कॉलेजने दिलेल्या एफ-१ च्या कागदावर, त्याची नोंद झाल्याशिवाय एक दिवसही कामाला जायचं नाही. एक गोष्ट वकिलाला विचारूनच करा, तुमच्या ग्रीन कार्डच्या फाइलचा आणि एफ-१ चा आपसात काय संबंध लागतो ते, कारण एफ-१ म्हणजे शिकून परत जाणार असं म्हणणं असतं. त्या राज्यातल्या रहिवाशांना मिळणाऱ्या फीच्या सवलतीवर काही फरक पडतो का तेही ऑफिसात विचारून घ्या.

आता त्या चाळीस मेल. तुम्ही एक मला पुढे पाठवली ते बरं केलं. रिस्पेक्टेड सरने सुरू होते, मग लहानपणापासून सायन्सची आवड, मग मार्क, मग कुठलंही काम करायला तयार आहे. कुठलंही काम म्हणणाऱ्याला कोणी काम देत नाही हो. प्रोफेसर बाई असेल तर काय, सर? मेल एकाच प्रोफेसरला जावी, चार ओळींची, त्यात तिच्या लॅबमधलं नेमकं काय वाचलं आणि त्यातलं काय कळलं नाही ते असावं, आणि आठवड्यात कोणत्या दिवशी किती तास रिकामे आहेत ते. दहा दिवसांनी एक आठवण. तरी उत्तर नाही तर ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायला ठेवलेल्या वेळेत, जाऊन उभं राहायचं. आणि प्रोफेसरपेक्षा तिच्या पीएचडीच्या पोरांना गाठावं, हाताखाली माणूस त्यांनाच हवा असतो.

माझी भाची तिकडे अशीच दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये लागली. पहिले दीड महिने तिने पिपेटच्या टिप्सचे डबे भरले, प्लेटा ओतल्या, ट्यूबवर नावं टाकली. एकदा बाहेरून ट्यूबा इथेनॉलने पुसल्या आणि साठ ट्यूबांवरची मार्करची नावं सफाचट, चार दिवसांचं काम गेलं, रात्री मला फोन करून रडली. दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतः सांगितलं, लपवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचे तासाचे पैसे सुरू झाले ते त्याच लॅबमध्ये. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बहुतेक पोरांना पगारी काम असंच मिळतं, आधी ओळख मग पैसे. एमआयटीसारख्या ठिकाणी १९६९ पासून यूरॉप (यूआरओपी) नावाचा विद्यार्थ्यांचा रिसर्च प्रोग्राम चालतो, तिथे पहिल्या वर्षालाही पगारावर किंवा क्रेडिटवर लॅबमध्ये घेतात, पण तुमच्या युनिव्हर्सिटीतही त्याच धर्तीवर काहीतरी असेलच, नाव वेगळं असेल, अंडरग्रॅज्युएट रिसर्च ऑफिस कुठं आहे ते शोधा.

धाकटीचं सोपं आहे. नागरिक आहे, आरईयू तिला खुलं. काही ठिकाणी दुसरं वर्ष झालेलेच घेतात, तर पहिल्या वर्षाला घेणारे आधी शोधायचे, आणि अर्ज बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत मागतात, एप्रिलमध्ये आठवण येऊन उपयोग नाही. तिच्याच कॉलेजातल्या एखाद्या प्रोफेसरकडे एनएसएफची ग्रँट असेल तर तो त्याच ग्रँटवर एक-दोन विद्यार्थ्यांसाठी वाढीव पैसे मागू शकतो, त्याला आरईयू सप्लिमेंट म्हणतात, हे पोरांना माहीतच नसतं. ज्यांचे भाऊ-बहीण कॅनडात आहेत त्यांनी एनसर्कचं, म्हणजे तिथल्या सरकारी विज्ञान-निधी संस्थेचं, यूएसआरए पाहा, तेही असंच पगारी रिसर्च, १४ ते १६ आठवडे, पण तिथेही नागरिक किंवा पीआर, म्हणजे तिथले कायमचे रहिवासी.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, दोघांना नागपूरला पाठवू का, नीरी (पर्यावरणाची संस्था), सीआयसीआर (कापसाची), लिंबूवर्गीय फळांची संस्था, मातीवाली संस्था, सगळं घरापासून अर्ध्या तासावर, आजीकडे राहतील. इथं गंमत उलटी होते. मुलाकडे भारतीय पासपोर्ट, त्याला इथं लॅबमध्ये बसायला कोणी अडवत नाही. पण परत जाताना एच-४ चा स्टॅम्प जिवंत आहे का पाहा, आणि एफ-१ साठी तिकडूनच स्टेटस बदलायचा अर्ज टाकला असेल तर तो पेंडिंग असताना देशाबाहेर पडला की अर्ज सोडून दिला असं धरतात. धाकटीकडे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड. लोकांना वाटतं ओसीआय म्हणजे सगळं माफ, पण मार्च २०२१ च्या नोटिफिकेशनप्रमाणे ओसीआयवाल्याला रिसर्च करायचं तर आधी खास परवानगी काढावी लागते, एफआरआरओकडून, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी ऑफिसाकडून. संस्थेचं पत्र हातात घेऊन तीन-चार महिने आधी लागा त्या कामाला. पैशाची अपेक्षा इथे ठेवू नका, इकडे ग्रॅज्युएशनच्या पोरांना इंटर्नशिपचे पैसे क्वचित मिळतात, उलट काही ठिकाणी ट्रेनिंग फी घेतात.

आणि मे महिन्यात पाठवू नका, पंचेचाळीसपर्यंत पारा जातो, त्यांना दुपारी तीनला वर्धा रोडवर उभं राहणं झेपायचं नाही. डिसेंबरात येऊ द्या, संत्र्यांचे दिवस असतात आणि आजीलाही स्वयंपाकघरात उभं राहवतं.

मुलाची नवी मेल लिहून झाली की पाठवण्याआधी मला दाखवा म्हणावं.