वाचकांचे प्रश्न : लक्षद्वीपचा कारभार

प्रश्न : आम्ही मालवणचे. येथील काही बेटे ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतात. मग लक्षद्वीपसारख्या केवळ बेटांच्या जिल्ह्याचा कारभार कसा चालतो?

उत्तर : लक्षद्वीप हा एकाच जिल्ह्याचा केंद्रशासित प्रदेश आहे. तो 1 नोव्हेंबर 1956 रोजी अस्तित्वात आला; मुख्यालय मात्र 1964 पर्यंत कोझिकोडला होते आणि मगच ते कवरत्तीला आले. विधानसभा नसल्याने राष्ट्रपतींनी नेमलेला प्रशासक कारभार पाहतो. लोकसभेची जागा एक असून न्यायदानासाठी केरळ उच्च न्यायालय आहे. स्थानिक पातळीवर वस्ती असलेल्या 10 बेटांसाठी द्वीप पंचायती आणि त्यांच्यावर एक जिल्हा पंचायत, अशी रचना केलेली आहे.

एकूण भूभाग जेमतेम 32 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 64,473 असल्याने दाटी फार आहे. आपल्या किनाऱ्यालगतची बेटे खडकाळ असतात. लक्षद्वीपची भूमी मात्र प्रवाळांपासून बनलेली, समुद्रसपाटीहून थोडीच उंच आणि नदीविरहित आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरून जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते आणि विहिरींतून जास्त उपसा झाला की खारे पाणी वर येते. म्हणूनच 2005 मध्ये कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला. माझ्या मते पाण्याची ही व्यवस्था समजून घेतल्याखेरीज तेथील प्रशासनाचे काम नीट कळत नाही. मिनिकॉय तर बाकीच्या बेटांपासून दूर दक्षिणेस असून तेथे महल भाषा बोलली जाते, त्यामुळे जहाजसेवा हाच तेथील कारभाराचा मोठा आधार ठरतो.