चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजीतला ‘फेस’ हा शब्द कसा शिकवावा?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याजवळच्या कारखान्यात आलेल्या चिनी अभियंत्यांना तुम्ही इंग्रजी शिकवता, अवयवांवरचे वाक्प्रचार घेताना ‘फेस’पाशी अडलात, आणि आता पुस्तकातली यादी पाठ करून घ्यावी की आणखी काही मार्ग आहे, हे तुम्हाला हवंय.

यादी पाठ करून घेऊ नका. मी मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, शिकलो आहे आणि कामातल्या चिनी सहकाऱ्यांसाठी आठवड्याला इंग्रजीचा तास घेतो. त्यावरून सांगतो, या एका शब्दाबाबत चिनी माणूस कोऱ्या पाटीनं येत नाही. निम्मं त्याला येत असतं. अडचण होते ती जे येतंय असं वाटतं पण येत नाही, त्याची. तुमचा वेळ तिथे घाला.

सुरुवात ‘लूज फेस’पासून करा, कारण हा वाक्प्रचार इंग्रजीनं चिनीकडूनच घेतला आहे. चिनीत ‘तिऊ लियेन’ म्हणजे शब्दशः चेहरा गमावणं, अर्थात नाचक्की होणं. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांनी तो जसाच्या तसा उचलला. चीनच्या सागरी सीमाशुल्क खात्याचे प्रमुख रॉबर्ट हार्ट यांच्या १८७६ च्या लिखाणात तो सापडतो. ‘सेव्ह फेस’ (अब्रू वाचवणं) मात्र तसा थेट अनुवाद नाही. तो चीनमधल्या इंग्रजांनी त्याच धर्तीवर स्वतः घडवला आणि शतक संपता संपता इंग्लंडमध्ये पोचला. हे वर्गात नक्की सांगा. परकी भाषा शिकताना सतत आपणच घेणारे असतो. इथे त्यांच्या भाषेनं इंग्रजीला काही दिलंय हे कळल्यावर माणसं मोकळी होतात, स्वतःहून उदाहरणं देऊ लागतात.

एक बारकावा तुम्हाला माहीत असलेला बरा. चिनीत या अर्थानं दोन शब्द आहेत: ‘लियेन’ आणि ‘मियेन्‌च’ (यातला च आपल्या ‘चमच्या’तला, तो उच्चार मराठी माणसाला सहज जमतो). मानववंशशास्त्रज्ञ हू श्येनचिन यांनी १९४४ मध्ये एका गाजलेल्या लेखात यांतला फरक मांडला. ‘लियेन’ म्हणजे माणसाच्या सचोटीवर समाजाचा असलेला विश्वास. ‘मियेन्‌च’ म्हणजे यश, पद, ओळखीपाळखी यांतून मिळालेली प्रतिष्ठा. ‘मियेन्‌च’ कमी-जास्त होत राहते, उसनीसुद्धा घेता येते. ‘लियेन’ गेला की माणूसच गेला. इंग्रजी ‘फेस’मध्ये हे दोन्ही एकत्र कोंबले गेलेत. म्हणून विद्यार्थी ‘ही गेव्ह मी फेस’ असं वाक्य करतो. म्हणजे काय, तर ‘त्यांनी माझा मान राखला’, आमंत्रणाला आले, चारचौघांत कौतुक केलं. चीनशी व्यवहार करणाऱ्या लोकांना हे इंग्रजी कळतं, पण जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या ग्राहकाला ते कळेलच असं नाही. तिथे ‘शोड रिस्पेक्ट’ किंवा ‘डिड मी अ फेवर’ वापरायला शिकवा.

वस्तूंचे ‘फेस’ पटकन उरकतात. चिनी ‘मियेन’ म्हणजे चेहरा, बाजू आणि पृष्ठभागही. कोळशाच्या खाणीत जिथे प्रत्यक्ष खोदकाम चालतं त्या भिंतीला इंग्रजीत ‘कोलफेस’ म्हणतात, चिनीतही तिच्या नावात ‘मियेन’ आहे. नोटेवर छापलेली किंमत ती ‘फेस व्हॅल्यू’, तिथेही ‘मियेन’. ‘ऑन द फेस ऑफ इट’ म्हणजे वरवर पाहता, तिथेही तेच. ‘टू-फेस्ड’ माणसाला चिनीत दोन तोंडं तर असतातच, एका म्हणीत वर तीन सुऱ्याही असतात. डोंगराचा कडा समजवायला ‘द नॉर्थ फेस’ हा जॅकेटांचा ब्रँड पुरतो, कारण चीनमध्ये तो ‘पेई मियेन’, म्हणजे उत्तरेची बाजू, याच नावानं विकला जातो. (सोप्या चिनी लिपीत नूडल्सचा ‘मियेन’ही याच चिन्हानं लिहितात. जुन्या लिपीत दोन वेगळी चिन्हं होती. हे कुणीतरी सांगणारच, तेव्हा थोडं हसू द्या.) घड्याळाची तबकडी तेवढी चित्र काढून दाखवा.

आता खऱ्या चकव्यांकडे या. माझ्या मते निदान दोन तास यांनाच द्यावेत.

‘थिक-स्किन्ड’ घ्या. चिनीत ‘चेहऱ्याची कातडी जाड’ म्हणजे निर्लज्ज, कोडगा. इंग्रजीत ‘थिक-स्किन्ड’ म्हणजे टीका मनाला लावून न घेणारा, आणि विक्रीच्या किंवा राजकारणाच्या कामात हा गुण समजतात. साहेबानं कौतुकानं ‘यू नीड अ थिक स्किन फॉर धिस जॉब’ म्हटलं तर चिनी अभियंत्याला तो अपमान वाटू शकतो. उलट, कुणाला बेशरम म्हणायच्या इराद्यानं तो ‘थिक-स्किन्ड’ म्हणाला तर समोरचा आभार मानेल.

‘स्लॅप इन द फेस’ म्हणजे इंग्रजीत जिव्हारी लागलेला अपमान किंवा झिडकारणं. चिनी इंटरनेटवर ‘चेहऱ्यावर चापट’ याचा रोजचा अर्थ वेगळाच आहे: छातीठोकपणे काही बोलावं आणि घटनांनी ते खोटं पाडावं. आपण ‘तोंडघशी पडला’ म्हणतो, तेच. त्यासाठी इंग्रजीत ‘प्रूव्हड राँग’ साधं आणि बरोबर. जरा रंग हवा असेल तर ‘एग ऑन हिज फेस’ द्या.

‘शो युअर फेस’ तर उलटं चालतं. चिनीत ‘चेहरा दिसला’ म्हणजे चमकला, नाव काढलं. इंग्रजीत बहुधा ‘पुन्हा इथे तोंड दाखवू नकोस’ अशा रागाच्याच वाक्यात तो येतो. इथे मराठी इंग्रजीच्या बाजूला आहे. मात्र ‘कोणत्या तोंडानं जाऊ’ म्हणताना आपण आणि चिनी अगदी शेजारी उभे असतो. त्यांचंही वाक्य ‘लोकांना भेटायला चेहरा उरला नाही’ असंच आहे.

‘कीप अ स्ट्रेट फेस’ म्हणजे हसू दाबणं. चिनीत ‘चेहरा फळीसारखा ठेवणं’ म्हणजे कडक, नाराज दिसणं. विद्यार्थी हे दोन हमखास एक धरतात. आणि ‘रेड-फेस्ड’ इंग्रजीत शरमेचा, कधी रागाचा असतो, तर चिनी ऑपेरात लाल रंगवलेला चेहरा सेनापती क्वान यू याच्यासारख्या निष्ठावंताचा आणि पांढरा कपटी त्साओ त्साओचा. एकानं लाल, एकानं पांढरा चेहरा घेऊन गाणं म्हणजे एकानं गोड बोलायचं नि दुसऱ्यानं दम द्यायचा. त्याला इंग्रजीत ‘गुड कॉप, बॅड कॉप’ आहे, तिथे ‘फेस’ येतच नाही. एखाद्या जोडप्याचे ‘चेहरे कधी लाल झाले नाहीत’ म्हणजे त्यांचं कधी भांडण झालं नाही, हेही माहीत असू द्या.

नवं एक आहे. चेहरा दाखवून पैसे भरणं चीनमध्ये सर्रास चालतं. त्याचं क्रियापद कार्ड ‘स्वाइप’ करण्याचं आणि ब्रश फिरवण्याचं एकच आहे. त्यामुळे ‘आय ब्रश्ड माय फेस’ असं वाक्य वर्गात आलं तर गोंधळू नका. ‘आय पेड बाय फेस स्कॅन’ सांगा.

व्याकरणाकडे मात्र बारकाईनं पाहा. क्रियापद ‘फेस’ला थेट कर्म लागतं: ‘वी फेस अ प्रॉब्लेम’, ‘द हाउस फेसेस साउथ’. दुसरं वाक्य त्यांच्या लगेच लक्षात राहतं, कारण चीनमध्ये घर घेताना दक्षिणमुखी असणं फार मोलाचं मानतात. पण निबंधात ‘फेस टू द डिफिकल्टीज, वी शुड...’ अशी सुरुवात सारखी भेटते. तिथे ‘फेस्ड विथ’ किंवा नुसतं ‘फेसिंग’ हवं. ‘फेस टू फेस’ कानात बसलेलं असल्यानं तो ‘टू’ घुसतो. आपल्यालाही जपावं लागतं, कारण ‘संकटाला तोंड देणं’ यातला ‘ला’ आपल्याकडूनही तोच ‘टू’ वदवून घेतो.

‘फेस द म्युझिक’, ‘लाँग फेस’, ‘पोकर फेस’ हे एकेका वाक्यात सांगून पुढे जा. त्यांत फसण्यासारखं काही नाही.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल इतकंच: चकव्यांच्या जोड्या करून प्रसंग द्या आणि दोघादोघांना बोलायला लावा. साहेब आणि नवखा अभियंता, ग्राहक आणि विक्रेता, असे. चुका त्या जोडीजवळ जाऊन हळू आवाजात दुरुस्त करा, विशेषतः हाताखालचे लोक त्याच वर्गात बसलेले असतील तेव्हा. आणि कुणी गमतीनं ‘पू याओ लियेन’ शिकवलं, तर ते तुम्ही परत उच्चारू नका. शब्दशः ‘चेहरा नको’ असलं तरी ती निर्लज्जपणाची झणझणीत शिवी आहे, आणि शिक्षकाच्या तोंडून ती कुणालाच ऐकायची नसते.