काळ्या ढगात तारे लपलेत, हे कळतं कसं?

प्रश्न: वृश्चिकेतल्या ज्येष्ठाजवळचा ढग फोटोत काळाकुट्ट दिसतो. आत नवीन ताऱ्यांचा अख्खा गुच्छ आहे म्हणतात. जे दिसतच नाही ते मोजलं कसं? (एक वाचक, सातारा)

उत्तर: तुम्ही म्हणताय तो रो ऑफियुचीचा ढग, साधारण ४०० प्रकाशवर्षांवरचा. त्यात धूळ वजनाने जेमतेम शंभरावा भाग, बाकी सगळा गॅस, पण प्रकाश अडवते ती धूळच. लोक घाटातल्या धुक्याचं उदाहरण देतात, ते इथे चालत नाही, कारण धुक्याचे थेंब मोठे असतात आणि सगळे रंग सारखेच अडवतात. ही धूळ उदबत्तीच्या धुरासारखी बारीक, म्हणून निळा प्रकाश जास्त अडतो, लाल कमी आणि इन्फ्रारेड (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) तर बऱ्यापैकी आरपार येतो. आकडाच सांगतो: ज्या ढगातून साधा प्रकाश १० कोटी पट मंद होऊन येतो, तिथे २.२ मायक्रॉन तरंगलांबीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इन्फ्रारेड फक्त सात-आठ पट मंद होतो!

१९७३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ग्रासडालेन आणि स्ट्रोम दांपत्याने याच २ मायक्रॉनच्या आसपास या ढगाचा नकाशा केला आणि आतला गुच्छ सापडला. तेव्हा आजच्यासारखा कॅमेरा नव्हता हो, एकच डिटेक्टर, त्याने आकाश पट्ट्यापट्ट्याने झाडून काढायचं.

पण दिसणं हा सोपा भाग, खरी डोकेदुखी पुढेच, कारण ढगाच्या मागचा म्हातारा तारासुद्धा धुळीतून असाच लालबुंद दिसतो, मग आतला कुठला नि मागचा कुठला? म्हणून आधी शेजारच्या मोकळ्या आकाशाच्या तुकड्यात तारे मोजतात आणि ढगातले त्याहून जास्त भरले तर गुच्छाचा संशय घेतात. मग एकेका ताऱ्याची झडती. तरुण ताऱ्याभोवती गरम धुळीची चकती असते, त्यामुळे तो ३ मायक्रॉनच्या पुढे हिशेबापेक्षा जास्त चमकतो. स्पिट्झर या इन्फ्रारेड अवकाश दुर्बिणीने हेच बघून सर्पन्स साऊथ नावाचा गुच्छ शोधला, त्याच्या मध्यभागी तर बरेचसे अजून प्रोटोस्टारच, म्हणजे अजून घडत असलेले तारे.

चकती विरून गेलेले मात्र यातून निसटतात. पण तरुण तारे एक्स-रे जोरात फेकतात, म्हाताऱ्यांच्या कितीतरी पट, आणि तिथे चंद्रा ही एक्स-रे टिपणारी अवकाश दुर्बीण त्यांना पकडते. मला स्वतःला ही युक्ती सगळ्यात आवडते.

पावसाळ्याआधी, मेअखेरीस मध्यरात्री दक्षिणेला ज्येष्ठा बघा, तिच्या जरासं वर हा ढग आहे. साध्या डोळ्यांना काही म्हणजे काही दिसणार नाही.