मूळ प्रमाणपत्रे मालकाकडे, सुई माझ्या हातात

प्रश्न : माझा जीएनएम हा परिचारिकेचा पदविका अभ्यासक्रम झाला असून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे माझी नोंदणी आहे. बीड जिल्ह्यातील गाव सोडून छत्रपती संभाजीनगरला आल्यापासून, म्हणजे सव्वा वर्ष, मी त्वचा व केसांवर सौंदर्योपचार करणाऱ्या एका साखळी क्लिनिकच्या शाखेत काम करते. पगार १६,००० रुपये असून ड्युटी सकाळी दहा ते रात्री साडेआठ, आठवड्याचे सहा दिवस असते. रुजू होतानाच मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली आणि तीन वर्षांचा बॉन्ड लिहून घेतला. मध्येच सोडल्यास एक लाख रुपये भरावे लागतील असे त्यात आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात. इतर दिवशी लेझर, पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातून वेगळा केलेला द्रव टोचणे) आणि कधी कधी फिलरसुद्धा (चेहरा भरीव दिसावा म्हणून त्वचेखाली टोचायचे द्रव्य) आम्हा सिस्टरांकडून करून घेतात. डॉक्टर व्हिडिओ कॉलवर असतात. पॅकेज विकण्याचे टार्गेट पूर्ण झाले नाही की पगार कापतात. शाखेत आम्ही आठच जणी असल्याने पीएफ लागू होत नाही, असे सांगतात. गेल्या महिन्यात वापरलेली सुई माझ्या बोटात गेली, तेव्हा ‘हे काही हॉस्पिटल नाही’ असे म्हणून मॅनेजरांनी गप्प बसवले. घर माझ्याच पगारावर चालते. मी काय करावे?

— एक परिचारिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, बॉन्डचा विचार नंतर करू, आधी बोटाचा करू. उद्याच घाटी या शासकीय रुग्णालयात जाऊन सुई टोचल्याची तारीख सांगा आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी या तपासण्या करून घ्या. तीन आणि सहा महिन्यांनी त्या पुन्हा कराव्या लागतील. अशी इजा झाल्यावर जागा साबण-पाण्याने धुऊन, शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत प्रतिबंधक औषध सुरू करायचे असते व ते २८ दिवस घ्यायचे असते. ती वेळ तुमच्या हातून मॅनेजरांच्या शब्दामुळे गेली, याचा मला मनापासून राग येतो. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे आणि वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्यतपासणी करणे ही संस्थेची जबाबदारी आहे. दारावर हॉस्पिटल अशी पाटी नसली, तरी जिथे सुई वापरली जाते तिथे हे नियम लागू होतात.

दुसरी गोष्ट मला पगाराहूनही गंभीर वाटते. फिलर चुकून रोहिणीत गेले तर त्वचेचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी ते विरघळवणारे इंजेक्शन तत्काळ देणारा डॉक्टर खोलीतच हवा, फोनच्या पडद्यावरचा डॉक्टर तिथे काही करू शकत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रापलेली त्वचा लेझरने लवकर भाजते, म्हणून यंत्राची मात्रा ठरवण्याचा निर्णयही डॉक्टरांचाच असावा. केसरोपणाबाबत तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे की शस्त्रक्रिया योग्य प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करायची आणि सहायकांनी केवळ मदत करायची. उद्या एखाद्या मुलीच्या चेहऱ्याला इजा झाली तर कंपनी तुमच्याकडे बोट दाखवेल आणि प्रश्न तुमच्या नोंदणीचा उभा राहील. म्हणून ‘डॉक्टर उपस्थित नसताना मी फिलर देणार नाही’ असे तोंडी न सांगता ईमेलने कळवा.

मूळ प्रमाणपत्रे तुमची मालमत्ता आहेत. नोकरीची हमी म्हणून ती अडवून ठेवण्याचा अधिकार मालकाला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. ती परत मागणारा अर्ज द्या आणि पोच घ्या. बॉन्ड मात्र ‘सरसकट बेकायदा’ समजू नका, कारण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बॉन्ड वैध ठरवला आहे. तरीही करार कायद्याच्या कलम ७४नुसार वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही केवळ वरची मर्यादा असते. तेव्हा तुमच्यावर नेमका किती खर्च झाला, हे त्यांना विचाराच.

पगाराबाबत थोडक्यात सांगते. आठवड्याला ४८ तासांपलीकडे केलेल्या कामाचा मोबदला दुप्पट दराने मिळायला हवा. वेतनातून कोणत्या कारणांसाठी कपात करता येते, हे कायद्याने ठरवले आहे आणि विक्रीचे टार्गेट त्यात बसत नाही. पीएफसाठी एकाच मालकाच्या सर्व शाखांचे कर्मचारी एकत्र मोजले जातात, त्यामुळे ‘आठच जणी’ हा युक्तिवाद टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून २०१६ मध्ये नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयांतही परिचारिकेला किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. ती तुमच्या क्लिनिकला थेट लागू होत नसली, तरी पगाराची बोलणी करताना मापदंड म्हणून उपयोगी पडेल.

तक्रार शहरातील कामगार उपायुक्त कार्यालयात करता येईल आणि ती शक्यतो दोघी-तिघींनी मिळून करा. तोपर्यंत एक वही घाला : कोणत्या दिवशी डॉक्टर होते, कोणता उपचार कोणी केला, किती वाजता सुटलात, किती कपात झाली. रुग्णांची नावे त्यात लिहू नका, आणि ती वही क्लिनिकच्या लॉकरमध्ये न ठेवता खोलीवर ठेवा.