नवं रिलीज आलंय, टाकू का?

प्रश्न : आमचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅलीप्राइम २.१, गोल्ड (अनेक कॉम्प्युटरवर चालणारं) लायसन्स, तीन कॉम्प्युटर. डीलर ६.० घ्या म्हणून मागे लागलाय. जुना डेटा सुखरूप राहील ना? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : घ्या, पण तारीख बघून. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) आणि २० ला ३बी (कर भरायचं विवरणपत्र), या धामधुमीत डेटाला हात लावू नका. २१ नंतरचा एखादा निवांत दिवस धरा. तिमाही विवरणपत्र भरत असाल तर महाराष्ट्रासाठी १३ आणि २२ या तारखा सांभाळा.

डीलर जे सहसा सांगत नाही ते असं : ३.० मध्ये जीएसटीची आतली मांडणीच बदलली, एका कंपनीत अनेक जीएसटी नोंदण्या ठेवायची सोय झाली. त्यामुळे २.१ चा डेटा नव्या साच्यात ओतावा लागतो, आणि एकदा ओतला की जुन्या रिलीजमध्ये तो उघडत नाही. तिन्ही कॉम्प्युटर एकाच दिवशी बदला. एक जरी मागे राहिला तर त्यावरच्या माणसाचं काम ठप्प.

आधी अल्ट+वाय दाबून बॅकअप घ्या, एक हार्डडिस्कवर, एक पेनड्राइव्हवर. घेतलेला बॅकअप परत उघडतो का हे मात्र बरेच जण बघत नाहीत. तो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, कंपनी उघडा, शेवटच्या विक्री बिलाचा नंबर जुळतो का बघा. रिस्टोअर करताना चालू डेटाचंच फोल्डर निवडलं तर चालू डेटावर जुना डेटा बसतो. घोळ नेमका इथे होतो.

मग कागदावर पाच आकडे लिहा : ट्रायल बॅलन्सची बेरीज, निव्वळ नफा, अखेरचा साठा, बँक खात्याची शिल्लक आणि गेल्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मधली करपात्र रक्कम. ६.० वर कंपनी उघडल्यावर हेच पाच आकडे ताडून पाहा. पहिले चार तंतोतंत जुळायला हवेत. पाचवा कमी आला तर घाबरू नका, बिलं हरवलेली नसतात. ती ‘अनसर्टन ट्रान्झॅक्शन्स’मध्ये (अपुऱ्या माहितीच्या नोंदींत) अडकलेली असतात, कारण पार्टीच्या लेजरमध्ये म्हणजे खात्यात राज्य किंवा नोंदणीचा प्रकार भरलेला नसतो. एकेक बिल उघडत बसण्याऐवजी आधी लेजर दुरुस्त करा. एका लेजरसरशी बरीच बिलं सुटतात.

बिलाचा छापील नमुना कुणाकडून बनवून घेतला असेल तर तो टीडीएल (टॅलीला जोडलेला छोटा प्रोग्राम) नव्या रिलीजवर रुसू शकतो. पडद्यावर ‘बॅड फॉर्म्युला’ दिसलं की आधी एफ-१ मधल्या ‘टीडीएल्स अँड अ‍ॅड-ऑन्स’मध्ये जाऊन तो टीडीएल बंद करून बघा. चूक गेली तर दोष टीडीएलचा. ज्याने बनवला त्याच्याकडूनच नवा घ्यायचा. जुना बॅकअप किमान विवरणपत्रांचा एक फेरा पार पडेपर्यंत पुसू नका. पण त्यावर परत गेलात तर मधल्या दिवसांच्या नोंदी हाताने पुन्हा टाकाव्या लागतील, हे धरून चाला.

प्रश्न : नवं रिलीज टाकलं आणि बिलावर हवी ती तारीखच घेत नाही. फक्त १, २ आणि ३१. व्हायरस आहे का? (वाचक, लातूर)

उत्तर : व्हायरस नाही, टॅली ‘एज्युकेशनल मोड’मध्ये (लायसन्सशिवाय, शिकण्यापुरतं चालणाऱ्या अवस्थेत) गेलंय. एफ-१, मग ‘अबाउट’ उघडा. तिथे टीएसएस म्हणजे वार्षिक सेवेची मुदत दिसेल. मुदत संपल्यावरही आधीचं रिलीज चालत राहतं, लायसन्स कायमचंच असतं. पण मुदतीनंतर निघालेलं रिलीज त्या लायसन्सवर चालत नाही. एक तर टीएसएस भरा, नाही तर जुनं रिलीज आणि बॅकअप परत लावा. मुदत शिल्लक असेल तर लायसन्स नुसतं अपडेट करून बघा.

प्रश्न : २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा आम्ही १२ टक्क्यांच्या मालाला ५ टक्के लावले. आता जुनी बिलं उघडली की टॅली तक्रार दाखवतं. नवं रिलीज घेतलं की मिटेल का? (घाऊक व्यापारी, सांगली)

उत्तर : नाही मिटणार. दर हा सॉफ्टवेअरचा भाग नाही, तुमच्या डेटाचा आहे. तुम्ही १२ पुसून तिथेच ५ लिहिलेत, म्हणून जुन्या बिलांनाही तोच दर लागू झाला. स्टॉक आयटममध्ये १२ टक्के पूर्वीच्या तारखेपासून पुन्हा लावा, आणि ५ टक्क्यांची वेगळी ओळ ‘अ‍ॅप्लिकेबल फ्रॉम’ २२-९-२०२५ टाकून भरा. माल पुष्कळ असेल तर ‘जीएसटी रेट सेटअप’मधून एकत्र करता येतं. आधी दोन-तीन वस्तूंवर करून बघा, मग बाकीच्यांना हात घाला. नाही तर तीच चूक चारशे वस्तूंवर होते.

२२ च्या आधी १२ टक्क्यांनी विकलेला माल नंतर परत आला असेल तर क्रेडिट नोटही (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद) १२ टक्क्यांचीच. तिथे टॅली आपणहून ५ सुचवेल, कारण ते क्रेडिट नोटची तारीख बघतं. दर हाताने बदला.

प्रश्न : टॅलीतला एडिट लॉग (नोंदींत झालेल्या बदलांची यादी) सक्तीचा आहे म्हणतात. माझी प्रोप्रायटरी फर्म आहे. (वाचक, म्हापसा)

उत्तर : तुम्हाला सक्ती नाही. १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम कंपन्यांसाठी आहे, प्रायव्हेट लिमिटेडही त्यात आली. प्रोप्रायटर, भागीदारी आणि एलएलपी यांना तो नाही. तरीही दुकानात दोन-तीन जण नोंदी करत असतील तर एफ-११ मधून चालू करून ठेवा. मग बिलावर अल्ट+क्यू दाबलं की कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं. मात्र सगळे एकाच लॉगिनने बसत असतील तर त्यातल्या ‘कुणी’चा उपयोग शून्य, आधी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्या.