टीम आपली, खेळाडू समोरचा

वाचकांचे प्रश्न : फुटबॉल

या खेपेला आलेल्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे. ज्या क्लबच्या नावानं बोटं मोडायची, त्याच क्लबचा एखादा खेळाडू मनात भरलाय. त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत.

मी बार्सिलोनाची कट्टर चाहती, पण जीव रिअल माद्रिदकडून खेळलेल्या लुका मॉद्रिचवर. घरचे चिडवतात : तो गोल करत नाही, कुणाला नाचवत नाही, मग तू बघतेस काय? नेमकं काय बघायचं असतं?
– एक वाचक, धरमपेठ

आधी अपराधीपणा सोडा. 19 नोव्हेंबर 2005 रोजी रोनाल्डिन्योनं दोन गोल करून बार्सिलोनाला 3-0 असं जिंकून दिलं, तेव्हा रिअलच्या घरच्या मैदानात, बर्नाब्यूत बसलेल्या रिअल माद्रिदच्या लोकांनी उठून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. तुम्ही त्याची परतफेड करताय असं समजा.

आता बघण्याचं. हायलाइट्समध्ये मॉद्रिच सापडत नाही, कारण त्याचं काम चेंडू येण्याच्या आधीच झालेलं असतं. पूर्ण सामन्याचं रेकॉर्डिंग घ्या आणि तुमची टीम खेळत नसलेला सामना निवडा. बार्सिलोना मैदानात असली की नजर चेंडूवरून हलत नाही. सुरुवातीची 15 मिनिटं आणि मग 60 ते 75 मिनिटं, एवढंच बघा. पहिल्या तुकड्यात त्याची जागा कळते, दुसऱ्यात पाय थकल्यावर तो काय सोडतो आणि काय सोडत नाही ते कळतं.

कागदावर तीन रकाने आखा. चेंडू पायात येण्यापूर्वी मान किती वेळा वळली? पहिला टच कुठल्या दिशेला गेला, स्वतःच्या गोलकडे की पुढे? पास दिल्यावर तो उभा राहिला की सरकला? पासची टक्केवारी मोजण्याच्या भानगडीत पडू नका. मागच्या डिफेंडरला दिलेले दहा सोपे पासही त्या टक्केवारीत जमा होतात, त्यातून काहीच समजत नाही. आणखी एक अडचण कॅमेऱ्याची. तो चेंडूमागे धावतो, त्यामुळे कडेनं धावणारा विंगर किंवा गोलकीपर बराच वेळ चौकटीबाहेर असतो. मधल्या फळीतला खेळाडू मात्र सहसा दिसत राहतो, म्हणून या अभ्यासासाठी तुमची निवड उत्तम आहे.

12 एप्रिल 2022 चा चेल्सीविरुद्धचा सामना मिळाला तर तो घ्या. रिअल घरच्या मैदानावर 0-3 नं मागे होता. 80 व्या मिनिटाला मॉद्रिचनं उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनं चेंडू वळवून रॉड्रिगोच्या पायावर ठेवला. सामना 2-3 असा हरूनही दोन लेगच्या, म्हणजे दोन्ही सामन्यांतल्या गोलांच्या बेरजेत 5-4 नं रिअल पुढे गेला. तो पास दहादा बघून झाला की रेकॉर्डिंग पाच सेकंद मागे घ्या. रॉड्रिगो धावणार हे मॉद्रिचला कधी दिसलं, ते तिथे सापडेल.

त्याच पासबद्दल. आम्ही मैदानावर तो करून बघतो, तर चेंडू बाजूला घरंगळतो नाहीतर हवेत उडतो. चूक कुठे होते?
– तीन मित्र, कामठी

दोन चुका आहेत, त्यांची कारणं वेगळी. चेंडू घरंगळतो कारण घोटा सैल राहतो. पंजा आत वळवून, बोटं खाली ताणून घोटा कुलूप लावल्यासारखा घट्ट करा आणि तो चेंडू सुटेपर्यंत ढिला सोडू नका. हवेत उडतो कारण अंग मागे झुकतं. छाती चेंडूवर ठेवा.

उभा पाय चेंडूच्या किंचित मागे आणि वीतभर बाजूला. करंगळीच्या मागचं हाड जिथे आहे, साधारण तिथे चेंडू लागला पाहिजे. उजव्या पायानं मारताना चेंडूच्या मधोमध नाही, थोडं डावीकडे मारा, म्हणजे तो आधी डावीकडे निघून मग उजवीकडे वळेल. फार कडेला लागला तर नुसता गरगर फिरतो आणि अंतर कापत नाही. 10 मीटरवरून सुरुवात करा, 20 पैकी 12 पास जोडीदाराच्या पायात गेले की 15 मीटरवर जा.

एक गोष्ट पोरं विसरतात : चेंडूची हवा. 5 नंबरच्या चेंडूला नियमानं 8.5 ते 15.6 पीएसआय हवा चालते. उन्हाळ्यात आपली मैदानं दगडासारखी होतात, तेव्हा 9 च्या आसपास ठेवा. टणक फुगवलेला चेंडू तिथे पाय दुखवतो आणि ताब्यातही राहत नाही.

भाऊ, मी आर्सेनलवाला. पण टॉटनहॅमकडून खेळलेला सन ह्युंग-मिन मले लय आवडते. त्याचे दोन्ही पाय सारखेच चालते. माह्या डाव्या पायानं मारलं का बॉल कॉर्नरच्या झेंड्याकडं जाते. काय करू?
– मानेवाडा

आवडू द्या. सॉल कॅम्पबेल 2001 मध्ये टॉटनहॅम सोडून थेट आर्सेनलला गेला होता, तुम्ही तर फक्त टीव्ही बघताय. सननं 2021-22 च्या प्रीमियर लीगमध्ये 23 गोल केले, त्यात एकही पेनल्टी नव्हती. सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट त्याला लिव्हरपूलच्या सलाहसोबत वाटून मिळाला.

तुमचा दोष बहुधा डाव्या पायाचा नाहीच, उजव्याचा आहे. उजवा पाय आयुष्यभर मारत आला, उभं राहून अंग तोलायची त्याला सवय नाही. तो डगमगला की कंबर उघडते आणि चेंडू झेंड्याकडे जातो. म्हणून पहिला आठवडा शॉट मारूच नका. उजव्या पायावर 30 सेकंद उभं राहायचं, असं पाच वेळा. मग भिंतीपासून 5 मीटरवर उभं राहून डाव्या पायाच्या आतल्या बाजूनं 100 पास. उजव्या पायाची बोटं दर वेळी भिंतीवरच्या खुणेकडे असली पाहिजेत.

दुसऱ्या आठवड्यात गोलपासून 10 मीटरवर 20 चेंडू डाव्यानं, 10 उजव्यानं. आधी जागेवर ठेवलेला चेंडू, मग सरकता. जोर शेवटी. पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्यावर, जिथून सन आत वळून लांबच्या खांबाकडे मारतो, तिथे महिन्याभरानं जा. आठवड्यात तीन दिवस पुरे. नवतप्यात सकाळी सातच्या आत उरका.

बाबा ईस्ट बंगाल क्लबचे, मला सुनील छेत्री आवडतो, तर ते म्हणतात तो समोरच्या मोहन बागानचा. कोण बरोबर?
– अजनी

दोघंही. छेत्रीची मोठ्या क्लबांतली सुरुवात 2002 मध्ये मोहन बागानमध्ये झाली आणि 2008-09 चा मोसम तो ईस्ट बंगालकडून खेळला. बाबांना दुसरं वाक्य आधी ऐकवा.

सीताबर्डीतून मॉद्रिचच्या नावाची जर्सी घ्यायची आहे, पण मी लिव्हरपूलचा. मित्रांसोबत सामना बघताना रिअलची घालणं बरं दिसेल का?
– इतवारी

लिव्हरपूल 2018 आणि 2022 च्या चॅम्पियन्स लीग फायनल रिअलकडून हरलंय, तेव्हा मित्र सोडणार नाहीत. त्याच्या देशाची, क्रोएशियाची घ्या. लाल-पांढरे चौकोन, नंबर 10, भांडण नाही.

रिअलचीच हवी असेल तर साल बघून नंबर छापा. 2012 ते 2017 तो 19 नंबर घालायचा, 10 नंबर त्यानंतर. मिलान क्लबमध्ये 14. दुकानात 2014 च्या जर्सीवर बिनधास्त 10 छापून देतात. आडनावाच्या शेवटच्या रोमन अक्षरावर छोटी तिरकी रेघ असते, तीही छापणाऱ्याला आधी कागदावर काढून दाखवा.

फिटिंग ‘फॅन’ प्रकारचं घ्या. ‘प्लेअर’ प्रकार अंगाला चिकटतो, मे महिन्यात नको होतो. धुताना उलटी करून गार पाण्यात, सॉफ्टनर न घालता. वाळवायची सावलीत, कारण गच्चीवरच्या उन्हात छापील नंबरला भेगा पडतात. आणि त्या नंबरवर इस्त्री अजिबात फिरवू नका, एका फटक्यात इस्त्रीला चिकटून येतो.